माणिकबागेतल्या अभ्यासिकेचे दोन फोटो

इंदूरच्या जुन्या सरकारी वास्तूंवरच्या पुस्तकासाठी फोटो निवडायचं काम माझ्याकडे होतं. देखणा दिसेल तो लावायचा, एवढंच काम असेल असं लोकांना वाटतं. खरा वेळ जातो फोटो आरशातल्यासारखा डावं-उजवं उलटा तर छापलेला नाही ना, हे तपासण्यात. फोटोत माणूस असेल तर सोपं असतं. पुरुषाच्या कोटाची डावी बाजू उजवीवर येते. रिकाम्या खोलीत मात्र भिंग घेऊन घड्याळाचे आकडे नाहीतर पुस्तकांच्या पाठीवरची अक्षरं शोधावी लागतात. माणिकबाग राजवाड्यातल्या अभ्यासिकेचा उलटा स्कॅन मी असाच पकडला. माझ्याआधी तिघांनी तो पास केला होता, त्याचा मला अजून राग येतो.

माणिकबाग इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३०च्या सुमारास एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुरचनाकाराकडून उभी करून घेतली. अभ्यासिकेचं फर्निचर पॅरिसच्या रूलमान या फर्निचर-रचनाकाराचं. पण १९८० साली माँटे कार्लोच्या लिलावात तिथलं सामान गेलं, आणि वास्तूत आज केंद्राच्या कर खात्याचं ऑफिस आहे.

मी सरळ केलेला प्रिंट घेऊन तिथे गेले. एक वयस्कर कर्मचारी काका तो बराच वेळ न्याहाळत राहिले. मग म्हणाले, "ताई, यात माझं टेबल कुठे येईल?" खिडक्या मोजल्या, दार जुळवलं आणि त्यांनी बोट ठेवलं, "इथे." उलटा प्रिंट नेला असता तर ते समोरच्या भिंतीला गेले असते!

संपादकांचा हट्ट जुन्या फोटोचा. "ताई, सामान किती सुंदर आहे, आजच्या फायली कशाला दाखवायच्या?" खाली ओळ नुसती 'माणिकबाग, अभ्यासिका'. म्हणजे वाचक टेबल बघायला कर खात्यात जाणार! मी भांडले. फोटोखाली काळ आणि लिलावाचं साल घालून घेतलं, समोरच्या पानावर आजचा फोटो मिळवला. जागा चतकोर पानाची.

छापून आल्यावर पाहिलं, तर बसवताना आजच्या फोटोचा डावा काठ कापला होता. काकांचं टेबल त्याच काठाला होतं. पुस्तकाची प्रत त्यांना द्यायचं कबूल केलंय. अजून गेले नाही.