प्लंबर-इलेक्ट्रिशियनांनी छपाईवर पैसे कुठे घालावेत

कोल्हापुरात प्लंबिंग, वायरिंग, टाकी धुणं, वॉटरप्रूफिंग अशी कामं घेणारे बरेच जण छपाईची सुरुवात पत्रकांपासून करतात. आमच्या मते पहिले पैसे स्टिकरवर घालावेत. मोटर बंद पडते किंवा एमसीबी (बिघाड झाला की वीज तोडणारा स्विच) सतत पडायला लागतो, तेव्हा माणूस त्या वस्तूसमोरच उभा असतो. नंबर तिथे दिसला तर तो लगेच लावतो. पेपरातून आलेलं पत्रक तोवर रद्दीत गेलेलं असतं.

3 बाय 2 इंचांचा स्टिकर पुरतो. कागदी स्टिकर स्वस्त पडतो, पण मोटरच्या पेटीजवळ ओल असते. कडा उचलतात आणि पहिल्या पावसाळ्यातच तो गळून पडतो. व्हिनाइलवर, म्हणजे प्लास्टिकच्या स्टिकरवर, छापून घ्या, वर लॅमिनेशन करा. नंबर काळ्या शाईतच ठेवा, कारण उन्हात लाल आणि पिवळा आधी विटतात. खाली दोन मोकळ्या ओळी सोडा: काम केल्याची तारीख आणि पुढची तारीख. टाकी धुतली असेल तर सहा महिन्यांनंतरचा महिना लिहून द्या. त्या तारखेसाठी तरी घरचे लोक स्टिकर काढत नाहीत. लॅमिनेशनवर बॉलपेन उमटत नाही, त्यामुळे परमनंट मार्कर पिशवीत हवाच.

चिकटवण्याआधी घरमालकाला विचारा. जागा स्पिरिटने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. धुळीवर किंवा तेलकट पत्र्यावर काहीच टिकत नाही. डीबीच्या (घरातल्या एमसीबींच्या पेटीच्या) झाकणाची आतली बाजू, स्टार्टरची पेटी, गिझरशेजारची टाइल या जागा चांगल्या. कंपनीचं लेबल मात्र झाकू नका. सीरियल नंबर तिथेच असतो, आणि पुढच्या दुरुस्तीला तो तुम्हालाच लागणार आहे.

पत्रकं काढायचीच तर वेळ साधा. वॉटरप्रूफिंगचं पत्रक एप्रिलमध्ये घरात पोचायला हवं, कारण स्लॅब कोरडा असतानाच काम होतं. जूनमध्ये फोन आला तरी हात बांधलेले असतात. पुरानंतरचा मजकूर आधीच तयार ठेवा. 2019 आणि 2021 च्या पुरानंतर टाक्या धुणं आणि वायरिंग तपासणं ही घरोघरची गरज होती. त्या पत्रकात ‘पाणी शिरलेल्या घरात वायरिंग तपासल्याशिवाय मेन स्विच चालू करू नका’ हे वाक्य ठळक छापा. ते लोकांच्या जिवासाठी आहे, जाहिरातीसाठी नाही. अशा वेळी डिजिटल छपाईत दोनशे प्रती लगेच मिळतात. ऑफसेट छपाईत प्लेटचा (छापायच्या साच्याचा) खर्च ठरलेला असल्याने ते हजाराच्या पुढेच परवडतं.

आकार ए5, कागद 70 ते 90 जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन). जाड गुळगुळीत कागद पेपरातून घसरून पडतो. फुलेवाडी आणि उचगावात एकाच दिवशी पत्रकं टाकू नका. ही शहराची दोन टोकं आहेत, आणि ‘तासाभरात येतो’ सांगून दुपार उलटली तर ते गिऱ्हाईक कायमचं गेलं. खांबांवर, भिंतींवर चिकटवणं सोडूनच द्या. मालमत्ता विरूपणाविरुद्ध 1995 चा राज्याचा कायदा आहे. तालीम-मंडळांच्या अहवालातली जाहिरात जरूर द्या, पण ती वर्गणीच्या खात्यात धरा.

प्रेसमध्ये सगळ्यात जास्त घोटाळा फॉन्टचा होतो. मोबाइलवर टाइप केलेला युनिकोड मजकूर त्यांच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये गेला की जोडाक्षरं तुटतात, वेलांट्या सरकतात. अक्षरं कर्व्हमध्ये (फॉन्टऐवजी चित्राच्या रेषांमध्ये) बदललेली पीडीएफ मागा, कडेने 3 मिलिमीटर ब्लीड (कापण्यात जाणारी जादा छपाई) सोडा. प्रूफ कागदावरच बघा आणि छापलेला नंबर स्वतः लावून पाहा. क्यूआर कोड 2 सेंटिमीटरपेक्षा लहान नको, भोवती पांढरी जागा हवी.

कुठल्या भागातून फोन येतात हे कळायला पत्रकाच्या कोपऱ्यात एक अक्षर छापा: राजारामपुरीला ‘रा’, कळंब्याला ‘क’. ते अक्षर फक्त काळ्या शाईत ठेवलं तर भाग बदलताना चार रंगांच्या चार प्लेटांपैकी एकच नवी करावी लागते. फोनवर तेवढं अक्षर विचारा आणि वहीत पत्त्याशेजारी लिहून ठेवा.