टर्किश टॉवेल आणि नावाचं भांडण

गेल्या रविवारी आम्ही चौघं साडेतीन तास एका नावावरून भांडलो. तेही आमच्या माडीवर, सोलापूरच्या अशोक चौकात, पंखा पाचवर ठेवून. अण्णा दोनदा जिन्यात येऊन कानोसा घेऊन गेले.

विषय एवढाच, की जुन्या फॉन्टमधलं मराठी युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येईल अशा अक्षरांत, आणणारा एक छोटा प्रोग्राम डेबियनमध्ये घालायचा. डेबियन म्हणजे स्वयंसेवकांनी चालवलेली मुक्त, कुणालाही वापरता-बदलता येणारी ऑपरेटिंग सिस्टिम. मी दोन-तीन चादर कारखानदारांचे हिशेब बघते. त्यांची जुनी बिलं, पत्रं सगळी त्या फॉन्टात. फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडली की इंग्रजी अक्षरांची नुसती खिचडी. आणि नुसती अक्षरं बदलून भागत नाही. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाईप केलेली असते, युनिकोडात ती नंतर साठवतात. रफाराचं बरोबर उलटं. मूळ प्रोग्राम दोन्ही गोष्टी नीट करायचा, पण एकेक. ‘टर्किश’ आला की मेला! त्या एकाच ‘र्कि’त वेलांटीही आहे आणि रफारही; उडी मारून मागे जाणारा रफार वेलांटीला अडखळून पडायचा. सोलापुरात टर्किश टॉवेल लिहिता येत नसेल तर बिलं करायची कशाची? तेवढं आम्ही दुरुस्त केलं.

पण प्रोग्राम आमचा नाही. एका निवृत्त मास्तरांनी लिहून नेटवर ठेवलेला, आणि त्यात लायसन्सची फाईलच नव्हती. “फुकट ठेवलंय की, घ्या उचलून,” असं आमच्यातला एकजण म्हणालाही. तसं चालत नाही. लायसन्स लिहिलेलं नाही म्हणजे सगळे हक्क लिहिणाऱ्याचेच. डेबियनमध्ये घालायला बांधलेला प्रोग्राम, म्हणजे नवं पॅकेज, ‘न्यू’ नावाच्या रांगेत उभं राहतं आणि तिथली माणसं कॉपीराइटची फाईल बारकाईनं वाचतात. म्हणून मास्तरांना पत्र लिहिलं. दीड महिन्यानं उत्तर आलं: जीपीएल हे मुक्त लायसन्स लावा, हरकत नाही, पण तुम्ही हात लावलाय, तर तुमच्या चुका माझ्या प्रोग्रामच्या नावावर नकोत.

झालं. म्हणजे नवं नाव शोधा. दोघांना हा अपमान वाटला. मला आईसवीझल आठवलं. २००६ साली फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलानं डेबियनला सांगितलं होतं, फायरफॉक्स हे नाव हवं तर आमचा लोगोही घ्या आणि तुमचे बदल आम्हाला दाखवा. लोगो मुक्त लायसन्सचा नव्हता, म्हणून डेबियननं नावच सोडलं आणि तोच ब्राउझर आईसवीझल म्हणून दिला. फायरफॉक्स परत यायला २०१६ उजाडलं. कॉलेजात असताना मला यात मोझिलाच खडूस वाटायची.

आता तशी वाटत नाही, त्याला कारण अण्णा. ते तीस वर्षं लूमवर जॉबर होते. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरी परगावी विणलेली चादर ‘सोलापुरी’ म्हणून रस्तोरस्ती विकली जातेच. दोन धुण्यांत तिचा रंग गेला की बोल सोलापूरला. आमच्या नात्यातल्या एका लग्नात एका पाहुण्यानं अण्णांना भर पंगतीत ऐकवलं होतं, “तुमच्याकडची चादर काही टिकली नाही बुवा.” चादर कुठली, कुणाला ठाऊक. अण्णांनी जिलबी ताटात तशीच ठेवली.

तर मास्तरांचं बरोबर होतं, हे मी तिघांना पटवलं. मग नवं नाव काय? मी म्हटलं, ‘धोटा’. मागावर इकडून तिकडे पळतो तो. एकजण म्हणाला, रोमन अक्षरात लिहिलं की पुण्याचा माणूस ‘धोता’ वाचेल, धुण्याचं पॅकेज समजेल. मी म्हटलं, डेब्रा आणि इयन या जोडीची नावं मिळून डेबियन झालेलं चालतं, मग धोट्याचं काय वाकडं? तीन विरुद्ध एक, हरले. काम सांगणारं एक रुक्ष नाव ठरलं. कॉपीराइटच्या फाईलमध्ये मास्तर पहिले, आम्ही खाली.

शेवटी एका ओळीचं वर्णन लिहायचं होतं. ऐंशी अक्षरांच्या आत बसवायचं, यावर आणखी पाऊण तास. तेवढ्यात आईनं कडक भाकरी आणि शेंगा चटणी वर पाठवली, म्हणून निभावलं. पॅकेज करतोय अशी नोंद त्याच रात्री पाठवली. आमच्यापैकी कुणालाच थेट अपलोडचा हक्क नाही, त्यामुळे आता प्रायोजक, म्हणजे तपासून आमच्या वतीनं अपलोड करणारा, शोधतोय.

काल अण्णांना बदललेलं एक बिल दाखवलं. त्यांनी चष्मा लावून ‘टर्किश’ वाचलं आणि विचारलं, “दर एवढा कमी कसा गं?”

बिल जुनं होतं, अण्णा.