आधारवरची 1 जानेवारी आणि माझ्या भाच्याचं वय

माझ्या भाच्याला पोलिसांनी पकडलं सप्टेंबर 2024 मध्ये. गुन्हा जबरी चोरीचा, आणि घडला होता त्याच वर्षीच्या मार्चमध्ये. त्याचं नाव-गाव लिहीत नाही. अशा मुलाची ओळख उघड करायला कायद्याची बंदी आहे आणि ती मला मनापासून पटते.

पकडलं तेव्हा पोराला 18 पूर्ण झाली होती. जो तो सांगायचा, ‘सज्ञान आहे, आता मोठ्यांच्याच कोर्टात चालणार.’ तसं नसतं. 2015 च्या बाल न्याय कायद्यात वय बघायचं ते गुन्हा घडला त्या दिवसाचं. अटक होईपर्यंत अठरा उलटली तरी प्रकरण बाल न्याय मंडळाकडेच जायला हवं. गरजूंना मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणानं दिलेल्या वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत हे सांगितलं, तेव्हा कुठे मला धीर आला.

पण पोलिसांच्या कागदावर तो मार्चमध्येच 19 वर्षांचा होता, कारण आधारवर जन्मतारीख होती 1 जानेवारी 2005. माझा भाऊ आणि वहिनी ऊसतोडीला जातात. हा पोरगा कारखान्यावर कोपीत, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत, जन्मला, त्याची नोंद ना तिथल्या ग्रामपंचायतीत झाली ना आमच्या गावात. आधार काढताना कुणीतरी अंदाजानं वर्ष सांगितलं आणि पुढे 1 जानेवारी पडली. आमच्याकडे अशी 1 जानेवारीची माणसं घरोघरी सापडतील. त्या एका तारखेवर पोरगा मोठ्यांच्या तुरुंगात गेला.

गुन्ह्याच्या दिवशी तो बालक होता, असा अर्ज वकीलबाईंनी त्याच कायद्याच्या कलम 9 खाली केला. हा दावा कोणत्याही न्यायालयात, कोणत्याही टप्प्यावर, अगदी शिक्षा झाल्यावरही करता येतो. वय कशावरून ठरवायचं, याचा क्रम कलम 94 मध्ये आहे. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं बोर्डाचं प्रमाणपत्र. ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीचा जन्मदाखला. यांतलं काहीच नसेल, तरच हाडांची चाचणी. त्या चाचणीत दोनेक वर्षांचा फरक पडू शकतो, म्हणून सतरा-अठराच्या पोराला तिच्यावर सोडणं मला भीतीचं वाटत होतं. आधार या क्रमात कुठेच नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गेले. पहिलीत नाव घातलं तेव्हाच्या जनरल रजिस्टरमध्ये तारीख होती 9 ऑगस्ट 2006. म्हणजे मार्च 2024 मध्ये तो 17 वर्षं 7 महिन्यांचा. नुसता शाळा सोडल्याचा दाखला न आणता मी रजिस्टरचा साक्षांकित उताराही घेतला, आणि त्याचाच उपयोग झाला. सरकारी वकिलांनी विचारलं, ही तारीख कशावरून लिहिली? मुख्याध्यापक मूळ रजिस्टर घेऊन साक्षीला आले. वडिलांनी सांगितली तशी लिहिली, पण नोंद पहिलीच्या प्रवेशाची आहे, गुन्ह्याच्या कितीतरी आधीची, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. त्या माणसाचे उपकार आम्ही विसरणार नाही. त्याच सुमारास, ऑक्टोबर 2024 मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं एका अपघात भरपाईच्या प्रकरणात आधारपेक्षा शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख ग्राह्य धरली. वकीलबाईंनी तो निकालही पुढे ठेवला.

न्यायालयानं त्याला गुन्ह्याच्या दिवशी बालक ठरवलं आणि प्रकरण मंडळाकडे पाठवलं. तिथे एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते बसतात. जामीन लगेच झाला.

मधे एकानं घाबरवलं होतं की सोळाच्या वरचा आहे, म्हणजे खटला मोठ्यांसारखाच चालणार. हेही अर्धवट आहे. ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा सांगितली आहे, तशा निर्घृण गुन्ह्यातच सोळा ते अठराच्या मुलाचं प्राथमिक मूल्यमापन होतं, आणि त्यानंतर मंडळ ठरवतं. जबरी चोरीला तशी किमान शिक्षा नाही, त्यामुळे आमच्याकडे तो प्रश्नच आला नाही.

परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर), म्हणजे मुलाच्या घरची परिस्थिती पाहून मंडळाला अहवाल देणाऱ्या बाई, घरी येऊन गेल्या. शाळा का सुटली, हंगामात पोरगा कुणाकडे राहायचा, संगत कुणाची, हे त्यांनी विचारलं. इतक्या महिन्यांत हे विचारणारं त्या पहिल्याच. भाऊ-वहिनी यंदाही तोडीला गेलेत, म्हणून तारखांना पालक म्हणून मी उभी राहते.

चौकशी अजून चालू आहे. मंडळानं दोषी ठरवलं तरी कलम 24 प्रमाणे त्यामुळे त्याच्यावर कुठलीही अपात्रता येत नाही. पुढे नोकरीच्या वेळी पोलीस पडताळणीत कुणी अडवलं तर दाखवायला, वय ठरवणाऱ्या आदेशाची प्रमाणित प्रत मी आत्ताच काढून ठेवली आहे.