हातातली दोरी सोडायला शिका

घाबरलेला माणूस हाताला लागेल ते घट्ट धरतो. लोकलमधली कडी असो की रिक्षाचा दांडा, सवय एकच. शिडाच्या होडीत पहिल्या दिवशी हीच सवय अंगाशी येते. झुळूक आली, होडी कलली, की नवखा माणूस शिडाची दोरी छातीशी ओढून धरतो आणि पुढच्या क्षणी पाण्यात असतो. तीच दोरी हातभर सोडली असती तर होडी आपणहून सरळ झाली असती.

या दोरीला शीट म्हणतात. शीड म्हणजे कापड आणि शीट म्हणजे ते आतबाहेर करणारी दोरी. दोन्ही शब्द इतके सारखे की पहिले दोन दिवस गोंधळ ठरलेलाच. ‘शीट सोड’ असं ओरडलं की निम्मे लोक शिडाकडे बघतात.

शिकायला होडी लहान हवी. मुलांसाठी ऑप्टिमिस्ट, साधारण २.३ मीटर लांब, पेटीसारखी आणि फारशी न उलटणारी. मोठ्यांसाठी लेझर, हल्ली अधिकृत नाव आयएलसीए: ४.२ मीटर लांब, नुसतं धूड ५९ किलोच्या आसपास, एकच शीड, एकच माणूस. त्याच होडीवर तीन मापांची शिडं चढतात, साधारण ७, ५.७ आणि ४.७ चौरस मीटरची. वजन ६५ किलोच्या आत असेल तर मोठ्या शिडाचा मोह टाळा. नौदलाचे दिलीप दोंदे ज्या ‘म्हादेई’तून २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून मुंबईला परतले ती गोव्यात बांधलेली ५६ फुटी नौका होती, ते चित्र डोळ्यांसमोर ठेवून बरेच जण थेट मोठ्या यॉटवर शिकायला जातात. हरकत नाही, पण खाली टनावारी वजनाचा कील, म्हणजे तळाला कायमचा जोडलेला जड कणा, असला की चूक पोटात घातली जाते. लेझर ती लगेच दाखवते, म्हणून शिकणं लवकर होतं.

वाऱ्याच्या विरुद्ध होडी जातेच कशी, हा प्रश्न सगळेच विचारतात. फणसाची ओली आठळी दोन बोटांत दाबली की सुळकन पुढे निसटते, तसंच हे. एका बाजूने शिडावर वाऱ्याचा रेटा, दुसऱ्या बाजूने होडीच्या पोटातून खाली पाण्यात गेलेल्या फळीचा, म्हणजे डॅगरबोर्डचा, अडसर. मध्ये सापडलेली होडी पुढे निसटते. फळी वर राहिली तर दुसरं बोटच नाही. होडी खेकड्यासारखी आडवी सरकते.

तरीही थेट वाऱ्याच्या तोंडावर जाता येत नाही. घड्याळ आठवा: वारा बाराच्या आकड्यावरून येतोय आणि तुम्ही मधोमध आहात. साडेदहा ते दीड या पट्ट्यात नाळ (होडीचं पुढचं टोक) नेली की शीड नुसतं फडफडतं आणि होडी थांबते. तीन किंवा नऊकडे तोंड केलं की आडवा वारा, सगळ्यात सोपा. सहाकडे म्हणजे वारा थेट पाठीवर. नवख्याला हे सोपं वाटतं कारण होडी कलत नाही आणि वारा जाणवतही नाही. प्रत्यक्षात सगळ्यात जास्त फटके तिथेच बसतात. पहिला पूर्ण तास फक्त तीन ते नऊ आणि नऊ ते तीन अशा येरझाऱ्या घालाव्यात.

त्याआधी किनाऱ्यावरची जोडणी. होडीची नाळ वाऱ्याकडे करून ठेवा, नाहीतर शीड चढताच होडी गाडीवरून उडी मारेल. सगळ्यात आधी मागच्या बाजूचं बूच घट्ट लावा. हे विसरलात तर धुडात हळूहळू पाणी भरतं, होडी जड आणि सुस्त होते, आणि कारण कळेपर्यंत तुम्ही किनाऱ्यापासून लांब असता. डोलकाठी दोन तुकड्यांची असते. ते जोडून शिडाची बाही तिच्यावर मोज्यासारखी चढवायची आणि काठी खोबणीत उभी करायची. मग शिडाच्या तळाशी येणारी आडवी दांडी, म्हणजे बूम. शीट सगळ्या कप्प्यांतून ओवून टोकाला आठच्या आकड्याची गाठ मारा. शेवटी सुकाणू. इथे दोन चुका हमखास होतात. एक, सुकाणू खाली बसवल्यावर त्याची अडकण ‘टक’ करून लागली की नाही हे बघितलं जात नाही. होडी उलटली की ते निखळून पडतं. दुसरी, टिलर, म्हणजे सुकाणू फिरवायचा दांडा, मागच्या आडव्या दोरीच्या वरून जातो. तो खालून जायला हवा. वरून गेला तर पाण्यात गेल्यावर टिलर आणि दोरी एकमेकांत अडकतात, आणि तिथे ते सोडवायला तिसरा हात लागतो.

डॅगरबोर्ड कमरेइतक्या पाण्यात गेल्यावरच खाली सोडायचा. शीट तोवर पूर्ण ढिली. फडफडणाऱ्या शिडाचा आवाज ऐकून लोक घाबरतात, पण फडफडणारं शीड होडीला ओढत नाही. तो आवाज म्हणजे होडी न्यूट्रलमध्ये असल्याची खूण.

बसायचं नेहमी ज्या बाजूने वारा येतो त्या बाजूला, शिडाच्या समोर. मागच्या हातात टिलरची जोडकाठी, पुढच्या हातात शीट. पाय पट्ट्याखाली. काठी शिडाकडे ढकलली की नाळ वाऱ्याकडे वळते. स्वतःकडे ओढली की वाऱ्यापासून दूर. पहिल्या अर्ध्या तासात डावं-उजवं विसरा, ‘शिडाकडे’ आणि ‘माझ्याकडे’ एवढंच पुरे.

आता शीट किती ओढायची? शिडाची पुढची कड फडफडू लागेपर्यंत सोडा, मग फडफड जेमतेम थांबेपर्यंत ओढा. तिथे थांबा. दर अर्ध्या मिनिटाने पुन्हा थोडी सोडून बघा, कारण वारा एका जागी राहत नाही. नवख्याचं शीड जवळपास नेहमीच गरजेपेक्षा जास्त ओढलेलं असतं: होडी कलते, वेग मात्र येत नाही, आणि टिलर हाताला जड लागतो. टिलर जड लागण्याचं कारण बहुतेक वेळा सुकाणूत नसतं; कललेली होडी आपोआप वाऱ्याकडे वळू बघते आणि तुम्ही तिला टिलरने मागे ओढत बसता. शीट वीतभर सोडा, अंग बाहेर टाका, होडी सपाट करा, टिलर लोण्यासारखा होईल. सपाट होडी ही वेगवान होडी.

दिशा बदलण्याचे प्रकार दोन. नाळ वाऱ्यातून नेऊन वळणं म्हणजे टॅक. आधी वेग हवा; रेंगाळणारी होडी मध्येच अडकते. नव्या दिशेला कोणी नाही ना ते बघा, काठी शिडाकडे ठामपणे पण न झटकता ढकला, बूम डोक्यावरून येताना वाका, तोंड पुढे ठेवून दुसऱ्या बाजूला जा, हातांची अदलाबदल पाठीमागे करा, काठी मधोमध आणा. अडकलातच, म्हणजे नाळ बारावर आणि होडी मागे सरकतेय, तर बूम हाताने बाहेर ढकला आणि काठीही त्याच बाजूला ढकला. होडी मागे जाता जाता वळते. साधारण दोन किंवा दहावर नाळ आली की दोन्ही आत ओढा.

शेपटी वाऱ्यातून नेणं म्हणजे जाइब. टॅकमध्ये शीड मधल्या वेळेला सैल पडतं. जाइबमध्ये ते भरलेल्याच अवस्थेत एका बाजूने दुसऱ्या बाजूला आपटतं. डोक्याला टेंगूळ येण्याची जागा हीच. लेझरची एक खास खोड आहे: शीट मागच्या कोपऱ्यात अडकते. बूम ओलांडत असतानाच शीटला एक जोराचा हिसका दिला की ती सुटते. डॅगरबोर्ड फार वर काढलेला नको, बूमच्या खालच्या दोऱ्या त्याला अडकून होडी उलटते. वारा वाढला असेल तर जाइब करूच नका. तीन चतुर्थांश वर्तुळ फिरून टॅकने वळा. वेळ जास्त लागतो, पण टेंगूळ येत नाही.

आणि उलटणं. ते होणारच, म्हणून पहिल्याच दिवशी, वारा ५-६ नॉट, म्हणजे ताशी साधारण १० किलोमीटर, असताना, मुद्दाम उलटवून बघा. पाण्यातून वर येताना एक हात डोक्यावर ठेवा. शिडाखाली सापडलात तर हाताने कापड वर उचला, हवेची जागा होते. मग एकाच दिशेने सरकत बाहेर या. होडी कधीही सोडू नका, रिकामी होडी तुम्ही पोहाल त्याहून जोरात वाहत जाते. शीट हातात ठेवून मागच्या बाजूने वळसा घालून तळाकडे या. शीट कुठे अडकलेली नाही ना ते बघा, कारण घट्ट शीड घेऊन होडी वर आली की ती परत उलटते. दुसरी फसगत म्हणजे डोलकाठीचं टोक वाऱ्याकडे असणं: काठी थोडी उचलली गेली की वारा शिडाखाली शिरतो आणि होडी थेट तुमच्या अंगावर येते. अशा वेळी नाळेला धरून थोडं थांबा. तुमचं पाण्यातलं अंग नांगरासारखं काम करतं आणि नाळ हळूहळू वाऱ्याकडे फिरते. मग डॅगरबोर्डवर चढा, पण पाय धुडाला लागून ठेवा. टोकावर उभं राहिलं तर फळी तुटते. काठ धरून मागे रेला. पहिले काही सेकंद काहीच होत नाही, शिडावरचं पाणी निथळायला वेळ लागतो. धीर धरा.

मुंबई बंदरात याला आणखी एक पदर आहे. ओहोटीला पाणी उथळ आणि तळाशी गाळ. होडी पूर्ण पालथी झाली तर काठीचं टोक गाळात रुततं. तिथे दांडगाई केली की दोन तुकड्यांच्या सांध्यापाशी काठी वाकते. सोबतच्या सुरक्षा बोटीला बोलवा. ती बोट आसपास नसेल तर नवख्याने पाण्यात उतरूच नये.

इथला हंगाम ढोबळमानाने ऑक्टोबर ते मे. शाळेच्या भूगोलात घोकलेले मतलई आणि खारे वारे इथे रोज भेटतात. हिवाळ्यात सकाळी जमिनीवरून हलका मतलई वारा, मग मधे एक मेलेला तास, आणि दुपारी वायव्येकडून खारा वारा जो तीन-चारच्या सुमाराला भरात येतो. शिकायला ६ ते १० नॉट, म्हणजे ताशी ११ ते १८ किलोमीटर, उत्तम. लाटांची टोकं जागोजागी पांढरी दिसू लागली की नवख्याने परत फिरावं.

पाण्याचं गणित वाऱ्याइतकंच महत्त्वाचं. भरती बंदरात उत्तरेकडे, ठाणे खाडीच्या दिशेने ओढते. ओहोटी दक्षिणेला, उघड्या समुद्राकडे. वारा पडला आणि ओहोटी लागली तर शीड असून नसल्यासारखं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकराच्या आसपास. नेमक्या वेळेसाठी भरतीचा तक्ता बघाच. सहा तासांपैकी तिसऱ्या आणि चौथ्या तासात निम्मं पाणी सरकतं, म्हणून प्रवाह सगळ्यात जोरात तेव्हा. उधाणाच्या दिवसांत तो आणखी जोर धरतो. भांगाचे, म्हणजे अष्टमीच्या आसपासचे कमी भरती-ओहोटीचे दिवस शिकायला बरे. एक नियम पाळा: जाताना प्रवाहाविरुद्ध, येताना प्रवाहाबरोबर.

शिडाच्या दोन होड्या समोरासमोर आल्या तर जिच्या उजव्या बाजूने वारा येतो तिला पहिला मान. एलिफंटा आणि मांडव्याच्या लाँचसमोर मात्र हा मान मिरवू नका, आणि मोठ्या जहाजांच्या मार्गात शिरूच नका. कागदावरही तिथे लहान होडीनेच बाजूला व्हायचं असतं. जाळ्यांचे तरंगते बोये दिसले की लांबून जा. डॅगरबोर्ड जाळ्यात गेला तर तुमची होडी थांबते आणि कोळ्याचं नुकसान होतं.

अंगावर काय? पोहता येणाऱ्याला ५० न्यूटनचं बॉयन्सी जॅकेट, म्हणजे तरंगायला मदत करणारं जाकीट, वजनाप्रमाणे मापाचं. घातल्यावर खांद्याला धरून कोणाला तरी वर ओढायला सांगा. हनुवटीपर्यंत आलं तर ते सैल आहे. शिट्टी बांधलेली हवी. पायात जुने कॅनव्हासचे बूट, कारण धक्क्याजवळच्या दगडांवरची कालवं ब्लेडसारखी कापतात. टोपीला दोरी. दोन लिटर पाणी, तेही बांधलेलं.

परत आल्यावर सगळं गोड्या पाण्याने धुवा, विशेषतः कप्प्या. मग होडी मागे कलती करून बूच उघडा. पेलाभर पाणी निघालं तर चालायचंच. बादलीभर निघालं तर बुचाची रबरी चकती किंवा डोलकाठीची खोबणी तपासा. खोबणीत पाणी भरून तासभर ठेवलं आणि पातळी उतरली, तर गळती तिथेच आहे.