पेशीच नव्हत्या, तरी जांभळा

आमच्या प्रयोगशाळेतले मामा दर सोमवारी कांद्याच्या सालींचं पोतं घेऊन येतात. दिसायला एवढं मोठं, पण एका हाताने सहज उचलतात. मग मी आणि माझी ज्युनिअर टेबलावर जुने कागद पसरून साली निवडायला बसतो. सालीच्या आत काजळीसारखी काळी पूड दिसली की ती साल बाद. ती अ‍ॅस्परजिलस नायगर ही बुरशी, साठवणीतल्या कांद्यावर हमखास सापडते. उरलेल्या साली धुवायच्या, मंद उष्णतेवर वाळवायच्या, दळायच्या आणि 70 टक्के इथेनॉलमध्ये रात्रभर भिजवायच्या. गाळून इथेनॉल उडवलं की भांड्याच्या तळाशी चिकट, तांबूस-तपकिरी अर्क उरतो. बोटाला लागला तर दोन दिवस डाग जात नाही.

या अर्कात क्वेर्सेटिन नावाचं वनस्पतीतलं रसायन असतं. आपण जो कांदा खातो त्याच्या कितीतरी पट जास्त क्वेर्सेटिन आपण कचऱ्यात टाकतो त्या वाळक्या सालीत असतं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजानुसार 2022 मध्ये जगभरात साली-देठांसकट 105 कोटी टन अन्न वाया गेलं. त्यातला थोडा तरी भाग यकृताच्या कामी आणता आला तर, या एका विचाराने मी या कामात शिरले आणि आजही त्याच विचाराने रोज सकाळी येते.

यकृताच्या पेशी म्हणून आम्ही हेप-जी-टू वापरतो. 1970च्या दशकात 15 वर्षांच्या एका मुलाच्या यकृतातल्या गाठीतून काढलेल्या या पेशी. तेव्हापासून त्या जगभरच्या प्रयोगशाळांमध्ये वाढताहेत. त्यांचं माध्यम, म्हणजे त्या ज्यात वाढतात तो पोषक द्रव, बदलताना मला तो मुलगा आठवतो. नाव माहीत नाही, पण त्याच्या पेशी वाया घालवायच्या नाहीत एवढं मी स्वतःला बजावलेलं आहे.

प्रयोग तसा सरळ होता: सालीचा अर्क या पेशींना इजेपासून वाचवतो का, ते बघायचं. 96 खळग्यांची प्लेट, प्रत्येक खळग्यात साधारण दहा हजार पेशी. काहींना नुसतं हायड्रोजन पेरॉक्साइड, म्हणजे इजा. काहींना इजा आणि सालीचा अर्क दोन्ही. मग एमटीटी नावाचा पिवळा रंग घालायचा. जिवंत पेशी त्याचं जांभळ्या स्फटिकांत रूपांतर करतात. जितका जांभळा गडद, तितक्या पेशी जिवंत. 1983 पासून ही चाचणी रुळलेली आहे, आणि तिच्यावर माझा पूर्ण भरवसा होता.

त्या दिवशी सकाळी रीडिंग आलं आणि मी खुर्चीवरून उठलेच. नुसत्या पेरॉक्साइडने निम्म्याहून जास्त पेशी मेलेल्या. अर्क दिलेल्या खळग्यांत मात्र रंग चढत गेलेला, आणि सर्वांत जास्त मात्रेला तर निरोगी पेशींपेक्षाही गडद. सर म्हणाले, "लगेच गोषवारा लिहायला घ्या, परिषदेची मुदत जवळ आलीये." मी लिहायला बसलेही.

ज्युनिअर अजून आलेख बघत होती. म्हणाली, "ताई, इजा झालेल्या पेशी निरोगी पेशींपेक्षा जास्त जिवंत कशा असतील?"

मी काहीतरी उत्तर दिलं. पेशी वाढल्या असतील, चयापचय वाढलं असेल. बोलतानाच मला ते पटत नव्हतं. कालच्याच पेशींची दुसरी प्लेट इन्क्युबेटरमध्ये होती, अजून एमटीटी न घातलेली. ती सूक्ष्मदर्शकाखाली धरली. सर्वांत जास्त मात्रेच्या खळग्यात पेशी गोल होऊन तळापासून सुटल्या होत्या, तरंगत होत्या. निरोगी हेप-जी-टू तळाला घट्ट धरून, एकमेकींना चिकटून बेटांसारख्या वाढतात. इथे बेटं फुटलेली होती.

मग एक कोरी प्लेट घेतली. पेशी घातल्याच नाहीत. नुसतं माध्यम, अर्क आणि एमटीटी. शेजारच्या ओळीत अर्काशिवाय. इन्क्युबेटरचं दार बंद करून दोघी तिथेच उभ्या राहिलो. तासाभराने प्लेट काढली. अर्काशिवायची ओळ पिवळी. अर्काची ओळ जांभळी, मात्रेप्रमाणे एकेक खळगा गडद होत गेलेली, अगदी सकाळच्या आलेखासारखी.

क्वेर्सेटिन चांगलं अँटिऑक्सिडंट आहे, म्हणजे इलेक्ट्रॉन सहज देऊन टाकतं. एमटीटीला जांभळं व्हायला इलेक्ट्रॉनच लागतात, मग ते पेशीने दिले काय नि अर्काने दिले काय. हा दोष जुना आहे आणि लिहून ठेवलेला आहे. पेशीविना एक ओळ आम्ही पहिल्याच दिवशी लावायला हवी होती. ती मी लावली नव्हती. दुसरी चूकही माझीच. अर्क आणि पेरॉक्साइड एकाच वेळी खळग्यात होते, त्यामुळे अर्काने पेरॉक्साइड बाहेरच्या बाहेर निकामी केलं असण्याचीही शक्यता होती. तसं झालं असेल तर पेशीला इजा पोचलीच नव्हती, मग संरक्षण कसलं मोजायचं?

सरांना प्लेट नेऊन दाखवली. त्यांनी ती उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "मुदत जाऊ द्या."

संध्याकाळी मामा भांडी विसळत होते. आमचे चेहरे बघून विचारलं, "काय झालं ताई?" मी थोडक्यात सांगितलं. त्यांनी नळ बंद केला. म्हणाले, "म्हणजे सालीचं पाणी चालत नाही?"

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालं होतं. आम्ही दोघी दिवसभर साल आणि यकृत याबद्दल बोलायचो, ते त्यांच्या कानावर पडायचं. तीन आठवडे ते पोत्यातल्याच साली उकळून सकाळी उपाशीपोटी पीत होते. निवडलेल्या नव्हे, न निवडलेल्या.

माझ्या हातापायातलं बळ गेलं. काळी बुरशी, फवारणीचा अंश, सगळं डोळ्यांपुढे आलं. त्यांना खुर्ची दिली आणि जेवढं नक्की माहीत आहे तेवढंच बोलायचं ठरवलं.

"मामा, आधी ते पाणी बंद करा, आणि डॉक्टरांना सांगा की तुम्ही ते पीत होतात. लपवू नका."

मग समजावलं. पोटात गेलेल्या क्वेर्सेटिनचं रूप आतड्याची भिंत आणि यकृत लगेच बदलून टाकतात, त्यामुळे प्लेटमध्ये पेशीला जे भेटतं ते तसंच्या तसं रक्तात भेटत नाही. आणि वनस्पतीतलं म्हणून निर्धोक असं यकृताच्या बाबतीत तर अजिबात धरून चालायचं नाही. ग्रीन टी लोक वर्षानुवर्षं पितात, पण तिच्याच अर्काच्या गोळ्यांतून दिवसाला 800 मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त ईजीसीजी (ग्रीन टीतलं एक अँटिऑक्सिडंट) घेणाऱ्यांत रक्तात यकृताची एन्झाइम्स वाढलेली दिसली, जी यकृताला इजा होत असल्याची खूण असू शकते, असं युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2018 मध्ये नोंदवलं.

"मग डॉक्टर म्हणाले ते वजनाचंच खरं?"

खरंच होतं. वजन 5 टक्के उतरलं तरी यकृतातली चरबी कमी होते, 7 ते 10 टक्के उतरलं तर सूजही ओसरू लागते. हे माणसांवर पाहिलेलं आहे, प्लेटमध्ये नव्हे. ते थोडे हिरमुसले. उकळून प्यायचं पाणी सोपं होतं.

टाकाऊ भाजीचा काहीच उपयोग नाही का, हे त्यांनी विचारलं नाही, मीच सांगितलं, कारण ते मला मनापासून सांगायचं होतं. फ्लॉवरचा पाला आणि जाड देठ, ब्रोकोलीचा दांडा, बिटाची पानं, हे आपण कापून फेकतो ते खाण्याचंच अन्न आहे. त्यातला चोथा मोठ्या आतड्यातले जिवाणू आंबवतात, त्यातून लहान साखळीची मेदाम्लं बनतात, आणि आतड्याचं रक्त पोर्टल शिरेतून आधी यकृताकडेच जातं. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन-चतुर्थांश याच वाटेने येतं. शिवाय पोट भरतं आणि वजन उतरवायला हातभार लागतो. फक्त ताजं, स्वच्छ धुतलेलं हवं. बुरशी दिसली की फेकायचं, आणि बटाट्याची हिरवट साल किंवा कोंब कधीच नाही, त्यात सोलॅनिन हे विष असतं.

"दांडा किती शिजवायचा?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बाहेरची जाड साल काढा, आतला गर पटकन शिजतो.

पुढचे दोन महिने आम्ही तेच सगळं पुन्हा केलं. अर्क 24 तास द्यायचा, मग पेशी दोनदा धुवायच्या, मगच पेरॉक्साइड. एमटीटीसोबत ट्रिपॅन ब्लूने एकेक पेशी मोजली. मेलेली पेशी निळी होते, जिवंत राहिलेली होत नाही. मान आखडेपर्यंत मोजलं. मधल्या मात्रेला थोडंसं संरक्षण दिसतं. कमी मात्रेला काही नाही. जास्त मात्रेला अर्क स्वतःच पेशी मारतो. यातलं थोडंसं किती खरं, ते तिसऱ्यांदा करून बघायचं आहे.

मामांनी डॉक्टरांना सांगितलं. रक्ततपासणी झाली आणि एन्झाइम्स होती तिथेच निघाली, वाढली नव्हती. तो कागद त्यांनी सगळ्यांत आधी मला आणून दाखवला. पोतं अजून दर सोमवारी येतं, पण आता ते कडीकुलपात ठेवतो, आणि त्यावर मी लाल अक्षरांत लिहिलंय, "फक्त प्रयोगासाठी". प्रत्येक प्लेटच्या शेवटच्या ओळीवर ज्युनिअर मार्करने लिहिते, "पेशीविना". इन्क्युबेटर उघडला की दोघींची नजर आधी त्याच ओळीकडे जाते.