करवंटीचा कोळसा आणि त्यातले लोह : आमची वाटचाल

नारळाच्या करवंटीपासून नायट्रोजनयुक्त सच्छिद्र कार्बन तयार करणे हा आमचा व्यवसाय. डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत एक शेड, दोन भट्ट्या आणि मोजकी माणसे एवढाच आमचा पसारा आहे. आमचा माल रासायनिक कारखान्यांत आणि प्रयोगशाळांत जातो, कधी स्वतः उत्प्रेरक (स्वतः न संपता रासायनिक अभिक्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ) म्हणून, तर कधी पॅलेडियमसारख्या महागड्या धातूचे कण धरून ठेवणारा आधार म्हणून.

2012 मध्ये गोव्यातील खाणी बंद झाल्या आणि वडिलांचा खनिज वाहणारा टिप्पर दारात उभा राहिला. मी तेव्हा वेर्ण्याच्या एका औषध कारखान्यात गुणवत्ता विभागात नोकरीला होतो. हायड्रोजनीकरणासाठी, म्हणजे रेणूत हायड्रोजन जोडण्यासाठी लागणारा, कार्बनवर बसवलेला पॅलेडियम तेथे रोज हाताळताना हा कार्बन करवंटीपासूनही करता येतो, असे वाचनात आले. आमच्याकडे खोबरे काढून झाले की करवंट्या न्हाणीतल्या भाणाखाली (पाणी तापवण्याच्या भांड्याखाली) जळतात. त्या विकत घेऊन आणायला टिप्पर होताच. वडिलांनी होकार दिला आणि आम्ही कामाला लागलो.

पहिली काही वर्षे आम्ही साधा सक्रिय कार्बन केला. हवा जवळजवळ तोडून सुमारे 500 अंश सेल्सिअसला करवंटीचा कोळसा करायचा आणि मग 900 अंशांच्या आसपास त्यावर वाफ सोडायची. वाफ कोळशातला थोडा कार्बन कार्बन मोनॉक्साइडच्या रूपाने उचलून नेते आणि मागे छिद्रे उरतात. करवंटीत ही छिद्रे बहुतांशी 2 नॅनोमीटरपेक्षा लहान असतात. वायूच्या रेणूला ती पुरतात, पण औषधाचा मोठा रेणू त्यांच्या तोंडाशीच अडतो. वाफेचा वेळ वाढवला तर छिद्रे रुंदावतात, मात्र तेवढा माल भट्टीतच जळून जातो. किती माल गमावायचा आणि किती रुंदी मिळवायची, हा हिशेब आम्हाला अनेक महिने पुरला.

नायट्रोजनकडे आम्ही त्यानंतर वळलो. क्षारीय माध्यमात ऑक्सिजनच्या क्षपणासाठी (ऑक्सिजनने इलेक्ट्रॉन स्वीकारण्याच्या अभिक्रियेसाठी) प्लॅटिनमऐवजी नायट्रोजनयुक्त कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या वापरता येतात, हे 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने जगापुढे आणले होते. नायट्रोजन इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतो, त्यामुळे शेजारच्या कार्बन अणूवर किंचित धनभार येतो आणि ऑक्सिजनला तेथे बसायला जागा मिळते. आम्ही शेतकऱ्याच्या ओळखीचा युरिया निवडला, कारण त्यात वजनाने 46 टक्के नायट्रोजन असतो आणि तो पाण्यात सहज विरघळतो. त्याच्या द्रावणात कार्बन भिजवून, वाळवून नायट्रोजन वायूच्या वातावरणात तापवला की काही नायट्रोजन कार्बनच्या जाळीत बसतो. तापमान वाढवावे तशी विद्युतवाहकता सुधारते, पण नायट्रोजन उडून जातो. आम्ही 800 अंशांवर स्थिरावलो. या कामात नव्याने येणाऱ्यांना एक गोष्ट कळकळीने सांगतो : छिद्रे पाडण्यासाठी पोटॅशियम हायड्रॉक्साइड आणि डोपिंगसाठी (कार्बनमध्ये नायट्रोजन बसवण्यासाठी) युरिया एकाच मुशीत घालून तापवू नका, कारण त्यातून पोटॅशियम सायनाइड तयार होऊ शकते.

आमचे पहिले नमुने एका प्रयोगशाळेने तपासले आणि ऑक्सिजन क्षपणात ते फार चांगले ठरले. आम्ही मालावर 'धातुमुक्त उत्प्रेरक' असे छापले. पावसाळ्यानंतर पाठवलेला माल मात्र क्षमतेत निम्म्याने उतरला. भट्टी तीच, युरिया तोच, वेळही तोच. उन्हाळ्यातल्या करवंट्या टिप्परमधून कोरड्या येत होत्या, तर पावसाळ्यातल्या अंगणात आठवडाभर भिजत पडल्या होत्या, हा एकच फरक माझ्या ध्यानात आला.

मग मी उन्हाळ्यातला चिमूटभर कार्बन कागदावर पसरला आणि कागदाखालून लोहचुंबक फिरवला. काळ्या भुकटीतले काही कण त्याच्यामागे सरकत गेले. भुकटी हायड्रोक्लोरिक आम्लात उकळली, गाळली आणि त्या फिकट पिवळ्या द्रावणात पोटॅशियम थायोसायनेटचा थेंब टाकला, तर नळी रक्तासारखी लाल झाली, आणि ही लोहाची खूण. ज्या टिप्परने अनेक वर्षे खनिज वाहिले, त्याच्या तळाच्या फटींतली लाल धूळ करवंट्यांसोबत भट्टीत जात होती; पावसाळ्यातल्या करवंट्यांवरची धूळ भिजताना धुऊन गेली होती. लोह आणि नायट्रोजन कार्बनमध्ये एकत्र तापले की त्यांच्या जोडीची अशी केंद्रे तयार होऊ शकतात, जी ऑक्सिजन क्षपणात निव्वळ नायट्रोजनपेक्षा प्रभावी असतात. आमच्या मालाचे जे कौतुक झाले, त्यातला मोठा वाटा या लोहाचा होता.

आम्ही सर्व ग्राहकांना पत्रे लिहून ही गोष्ट कळवली आणि ती छापील ओळ काढून टाकली. दोघांनी मागणी थांबवली. तो काळ पैशांच्या दृष्टीने कठीण गेला, आणि वडिलांना तर आपल्या गाडीमुळे हे घडले याचे फार वाईट वाटले. त्यानंतर करवंट्या स्वच्छ पोत्यांतून येऊ लागल्या, कोळसा विरल आम्लाने आणि मग विआयनित (विरघळलेले क्षार काढून टाकलेल्या) पाण्याने धुतला जाऊ लागला, पोलादी चाळण्यांच्या जागी नायलॉनच्या आल्या. विहिरीचे पाणी आम्ही पूर्ण बंद केले, कारण आमच्या भागातल्या पाण्यात लोह उतरलेले असते.

धुतलेल्या कार्बनची क्षमता अर्थातच घटली, पण ती प्रत्येक घाण्यात (भट्टीतून एका वेळी निघणाऱ्या मालात) सारखी येऊ लागली, आणि पॅलेडियमला आधार देण्यासाठी त्याला कायमचे ग्राहक मिळाले. नायट्रोजन असलेल्या जागांवर पॅलेडियमचे कण घट्ट बसतात आणि एकमेकांत मिसळून मोठे होण्याची त्यांची प्रवृत्ती कमी होते. पुढे आम्ही लोहाचे क्षार मोजून घालत दुसरा माल सुरू केला, जो ऑक्सिजन क्षपणासाठीच विकला जातो. दोन्ही मालांच्या प्रमाणपत्रावर लोहाचे प्रमाण लिहिलेले असते, आणि दोन्हींच्या भट्ट्या, मुशी व हातमोजे वेगळे ठेवले आहेत.

थायोसायनेटची बाटली आजही आमच्या तपासणीच्या टेबलावर असते. आधारासाठीच्या मालाचा प्रत्येक घाणा पिशवीत भरण्याआधी त्या थेंबाखालून जातो, आणि नळीत गुलाबी छटा जरी दिसली तरी तो घाणा पुन्हा धुण्यासाठी परत पाठवला जातो.