दहाव्या रकान्यातला ‘आर’

पुण्यात विमाननगरमधल्या आमच्या छोट्या डिस्पॅच रूममध्ये, म्हणजे उड्डाणांची आखणी होते त्या खोलीत, परवा ऐनवेळी विमान बदललं. शिकायला आलेल्या मुलाने आदल्या दिवशीचा फ्लाइट प्लॅन (हवाई वाहतूक नियंत्रणाला द्यायचा उड्डाणाचा अर्ज) उघडला, नोंदणी क्रमांक बदलला आणि माझ्यासमोर ठेवला. ‘‘मॅडम, मॉडेल तेच आहे.’’

मी म्हटलं, ‘‘आधी टेक लॉग दाखव.’’

लॉग म्हणजे विमानाच्या बिघाड-दुरुस्तीची वही. तिच्यात संध्याकाळची नोंद होती: जीपीएस नादुरुस्त, एमईएलनुसार (काय बंद असतानाही उडता येतं, त्याची यादी) उड्डाणास मुभा. या विमानाला जीपीएस एकच. प्लॅनच्या दहाव्या रकान्यात मात्र ‘जी’ आणि ‘आर’ दिमाखात उभे! ‘जी’ म्हणजे उपग्रहावरचं नॅव्हिगेशन, ‘आर’ म्हणजे पीबीएनची, म्हणजे ठरलेल्या अचूकतेने मार्ग धरण्याची, क्षमता. ‘आर’ लिहिला की अठराव्या रकान्यात पीबीएनपुढे ती कोणती हे सांगावंच लागतं. तिथे होतं बी२, डी२, एस१. आरनॅव्ह म्हणजे जमिनीवरच्या रेडिओ केंद्रांवरूनच न जाता ठरवलेल्या बिंदूंवरून थेट उडणं. बी२ म्हणजे जीपीएसवर आरनॅव्ह ५: उड्डाणाच्या ९५ टक्के वेळ विमान मार्गाच्या ५ सागरी मैलांच्या, म्हणजे सव्वानऊ किलोमीटरच्या आत राहील. डी२ मध्ये तेच अंतर १ सागरी मैलावर येतं. एस१ हे धावपट्टीकडे उतरतानासाठी.

‘‘पण कॉम्प्युटरने एरर दिली नाही,’’ तो म्हणाला. तेवढ्यात लोहगावच्या हवाई तळावरून सुखोई उडालं. आवाज विरेपर्यंत आम्ही दोघं गप्प.

कॉम्प्युटर अक्षराशी अक्षर जुळवतो. बी२ आहे, मग ‘जी’ आहे ना? आहे. झालं त्याचं काम. टेक लॉग त्याला दिसत नाही, आणि रडारसमोरच्या कंट्रोलरलाही नाही. आपण लिहिलेल्या अक्षरांवर विश्वास ठेवून तो मार्ग देतो. म्हणून मी नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगते: यंत्र बसवलेलं असणं म्हणजे क्षमता नव्हे. ते आज चालू हवं, वैमानिक त्यासाठी पात्र हवेत, आणि जिथे मंजुरी लागते तिथे ती हातात हवी. यातलं एक जरी नसलं तरी अक्षर लिहायचं नाही.

या विमानात जीपीएसशिवाय आरनॅव्ह करू शकेल अशी दुसरी यंत्रणाही नाही. म्हणजे ‘जी’बरोबर ‘आर’ गेला, अठराव्यातली पीबीएनची ओळ गेली, आणि पंधराव्यातला आरनॅव्ह मार्गही. व्हीओआर या जमिनीवरच्या रेडिओ केंद्रांवरून जाणारा मार्ग लांबचा, त्यामुळे इंधनाचा हिशोब पुन्हा. त्याने तो दोनदा तपासला, मग कॅप्टनना फोन लावला.